एका माईकवर दोन गावं

महामार्ग सोडून प्रोसेककडे वळलं की आधी धान्याची उंच कोठारं दिसतात, मग पाण्याची टाकी. पण शरद ऋतूतल्या शुक्रवारी संध्याकाळी या दोन्हींच्या आधी आर्डिथ कोवांडा यांचा आवाज कानावर यायचा. मक्याच्या शेतांवरून तो असा सरसरत यायचा की गाडीतल्या माणसाला गाव दिसायच्या आत कळायचं, चेंडू कुणाकडे आहे आणि प्रोसेकच्या शाळेचा संघ, म्हणजे बोके, आज मार खातायत की देतायत.

हा आवाज त्यांना वडिलांकडून मिळाला होता. ते जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. लहानपणी आर्डिथबाई त्यांच्या शेजारी फळकुटावर बसून असायच्या, आणि दहा डुकरं एका दमात कशी विकायची हे पाढ्यांच्या आधी शिकल्या. पुढे लेनर्ड कोवांडाशी लग्न झालं, मक्याची शेती आली, मुलगी झाली. एका वर्षी शाळेच्या सामन्यांचं वर्णन करणाऱ्या सुतारकामाच्या मास्तरांचा घसा बसला. कोण बोलणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत असताना लेनर्ड उठून म्हणाला, "आमच्या हिला द्या माईक. घरी तरी कुठे थांबते बोलायची."

लोक हसले. अमेरिकेतल्या फुटबॉलचं, चेंडू हातात घेऊन पळायच्या त्या धडकाधडकीच्या खेळाचं, वर्णन बाई करणार हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. पण प्रोसेकचा पोरगा चेंडू घेऊन धावायला लागला तशा आर्डिथबाई लिलावाच्या लयीत यार्ड मोजत सुटल्या, तीस, पस्तीस, चाळीस, आणखी कोण, आणखी कोण, पन्नास, आणि पोरगा शेवटच्या रेषेपार गेला तेव्हा "गेला, विकला गेला" असं ओरडल्या. मास्तरांचा घसा आठवड्यात बरा झाला. माईक मात्र त्यांच्याकडे परत गेला नाही.

तेव्हा अकरा जणांचा संघ असे आणि बाकावर तेवढेच पोरगे तोंड पाडून बसलेले असत. मग शेतं मोठी होत गेली आणि घरं कमी. जिथे चार भावांची चार घरं होती तिथे एक घर आणि एक भलंमोठं कापणीयंत्र उरलं. शाळा आठ जणांच्या खेळावर आली. लेनर्ड गेला. मुलगी जोलीन लिंकन शहरात राहायला गेली आणि तिने आपल्या मुलाला, एमेटला, फुटबॉलला घालायचं नाही असं ठरवलं. आर्डिथबाईंनी फोनवर तिच्याशी कडाक्याचं भांडण केलं. आमच्या घरात असली भित्री पोरं कधी नव्हती, असं काहीतरी त्या बोलून गेल्या.

त्याच वर्षी केसी व्राना नावाच्या पोराला सामन्यात जोराची टक्कर बसली. आर्डिथबाईंनी ती टक्कर अशी रंगवून सांगितली की अख्खं मैदान उठून उभं राहिलं. केसी मात्र उठला नाही. नंतर तो बरा झाला, पण हिवाळाभर त्याला उजेड सोसवत नव्हता आणि त्याच्या आईने स्वयंपाकघराच्या खिडकीवर ब्लँकेट लावलं होतं. आर्डिथबाई एकदा त्यांच्याकडे खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, घेऊन गेल्या, अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसून आल्या, आणि घरी येऊन त्यांनी जोलीनला फोन केला. माफीबिफी काही मागितली नाही. एमेटला काय आवडतं एवढंच विचारलं. केसी पुढे शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला लागला आणि फारच वाईट वाजवायचा, पण त्याचं नाव माईकवरून दरवेळी पहिलं घेतलं जायचं.

तर मग तो ऑगस्ट आला. सरावाच्या पहिल्या दिवशी कोच सिक्सेल शिट्टी गळ्यात अडकवून उभे राहिले आणि समोर सात पोरं. आठ लागतात. कोचनी थोडा वेळ वाट पाहिली, पार्किंगकडे पाहिलं, मग पोरांना पळायला पाठवलं आणि स्वतः शाळेत जाऊन फोन उचलला. फोन लिंडेनाउला केला होता, हे तासाभरात सगळ्या गावाला कळलं.

लिंडेनाउ म्हणजे शेजारचं जर्मनांचं गाव. प्रोसेकच्या चेकांचं आणि त्यांचं हाडवैर. एका वर्षी लिंडेनाउच्या पोरांनी ऐन सामन्याच्या वेळी प्रोसेकच्या मैदानावर तेल लावलेली डुकराची पिल्लं सोडली होती. प्रोसेकच्यांनी मग त्यांच्या पाण्याच्या टाकीवर काय रंगवलं हे सभ्य घरांत सांगत नाहीत. लेनर्डच्या भावाने लिंडेनाउची मुलगी केली तेव्हा त्याच्या लग्नाला अर्धं गाव गेलंच नाही, आणि जे गेले ते जेवायच्या वेळेला गेले. आता तिथेही पोरं पुरत नव्हती. दोन्ही शाळांनी मिळून एक संघ करावा असा प्रस्ताव होता.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. खुर्च्या कमी पडल्या. आर्डिथबाई उभ्या राहिल्या, आणि त्यांना माईक द्यायची कुणाला गरज वाटली नाही.

"हरायचं असेल तर हरू," त्या म्हणाल्या. "एकटे हरू. लिंडेनाउच्या ससाण्यांच्या गळ्यात गळा घालून जिंकण्यापेक्षा ते बरं."

टाळ्या पडल्या. मागच्या भिंतीला टेकून टकर सेडलाक उभा होता. शेवटच्या वर्षाचा पोरगा, अंगाने कोठाराच्या दारासारखा. तो ओळीत अगदी मधे खेळायचा. समोरच्या धटिंगणांना अडवायचं एवढंच त्याचं काम, चेंडू घेऊन पळायचं काम दुसऱ्यांचं. सभेत तो आजवर कधी बोलला नव्हता.

"आर्डिथ आजी," तो म्हणाला, "आम्ही सातच आहोत. आठवी जागा माझ्या शेजारची आहे. तुम्ही येता का उभ्या राहायला?"

मग आर्डिथबाईंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं आणि त्याच आधी हसल्या. त्यानंतर सभा काही गंभीर राहिली नाही. ठराव पास झाला.

नव्या संघाला नाव काय द्यायचं यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तीन आठवडे घातले. शेवटी पोरांनीच मतदान करून ठरवलं: गारपीट. शेतकरी खवळले. उभं पीक झोडपून जाते ती गारपीट, तिचं नाव कुणी संघाला देतं का, असं म्हणायला लागले. पोरं म्हणाली, म्हणूनच दिलंय. नवे कपडे काही वेळेत येणार नव्हते. तेव्हा प्रोसेकच्या लाल शर्टांखाली लिंडेनाउच्या हिरव्या विजारी, असं ठरलं. पहिल्या दिवशी सगळे ओळीने मैदानात धावत आले आणि प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर कलिंगडं." गारपीट हे नाव कागदावर राहिलं. लोकांसाठी ती कलिंगडंच.

आता प्रश्न माईकचा होता. लिंडेनाउचा स्वतःचा वर्णनकार होता, वेंडेल टेग्टमायर. गावातला अंत्यविधीचा व्यवसाय त्याच्या घराण्याचा. चाळीस वर्षं लोकांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलायची सवय. तोच आवाज तो शुक्रवारी मैदानावर वापरायचा. लिंडेनाउने सामना जिंकला तरी ऐकणाऱ्याला टोपी काढावीशी वाटायची. शाळांनी कुणालाच दुखवायचं नाही म्हणून दोघांनाही बसवायचं ठरवलं. खोली एक, माईक एक.

मैदानाच्या कडेला उंचावर लाकडी खोली आहे, शिडीने वर जावं लागतं. टेग्टमायर काळा कोट घालून, हातात थर्मास आणि काखेत स्वतःची उशी घेऊन वर आला. आर्डिथबाईंनी खुर्ची सरकवली, पण माईक सरकवला नाही.

त्या माईकचं बटण कित्येक वर्षं अडकलेलं होतं. एकदा यंत्र चालू केलं की सामना संपेपर्यंत ते चालूच. आर्डिथबाई एकट्या असायच्या तोवर त्याचं काही बिघडलं नव्हतं, एकट्या माणसाला कुजबुजायला कोण असतं. त्या दिवशी त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

खेळ सुरू झाला. आर्डिथबाई सुटल्या. थोड्या वेळाने टेग्टमायरने माईक हळूच आपल्याकडे घेतला आणि सांगितलं की प्रोसेकच्या, क्षमा करा, गारपिटीच्या संघाने चेंडू गमावला आहे.

"टेग्टमायर," आर्डिथबाई म्हणाल्या, "चेंडू गमावलाय, माणूस नाही. जरा जिवंतपणे सांगा."

"बाई, मघापासून मला कळत नाहीये, तुम्ही खेळ सांगताय की डुकरं विकताय."

"डुकरांचं लिंडेनाउवाल्यांनी बोलू नये. तेल लावून सोडता तुम्ही ती."

"ती पिल्लं माझ्या काकांची होती," टेग्टमायर शांतपणे म्हणाला. "चार परत मिळाली नाहीत. कुणी खाल्ली ते आम्हाला माहीत आहे."

खाली काहीतरी गडबड चालली होती. आर्डिथबाईंनी वाकून पाहिलं तर मैदानाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दोन्ही गावांचे लोक मान वर करून खोलीकडे बघत होते आणि पोट धरून हसत होते. पाहुण्या संघाचा कोचसुद्धा. एक पंच शिट्टी तोंडात धरून तसाच उभा होता, कारण हसताना शिट्टी वाजत नाही.

आर्डिथबाईंचे कान लाल झाले. त्यांनी बटण दाबून पाहिलं. टेग्टमायरनेही दाबून पाहिलं. मग त्याने थर्मासमधून दोन कप कॉफी ओतली, एक त्यांच्यापुढे ठेवला आणि माईकवरच म्हणाला, "आता ऐकलंच आहे सगळ्यांनी, तर चालू द्या."

कलिंगडं त्या दिवशी सपाटून हरली. पण घरी जाताना कुणाच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी नेहमीपेक्षा जास्त गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ज्यांचं कुणीही खेळत नव्हतं अशी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आली. टकरच्या आजी, म्हाताऱ्या सेडलाकीणबाई, फुटबॉलला कंटाळून घरी बसल्याला बरीच वर्षं झाली होती. त्या ब्लँकेट पांघरून पहिल्या रांगेत बसायला लागल्या आणि पाठ मैदानाकडे आणि तोंड वरच्या खोलीकडे करून बसायच्या. शाळेच्या भटारखान्यातून चिलीची, म्हणजे मांस-घेवड्याच्या तिखट रश्श्याची, पातेली आणि दालचिनीचे गोड रोल येत. लिंडेनाउच्या बायका मोहरीत घोळवलेली बटाट्याची कोशिंबीर आणत. कोणती पाककृती कुणाच्या आजीची, यावर नवी भांडणं सुरू झाली. ती जुन्या भांडणांपेक्षा बरी होती.

मध्यंतरात तर गंमतच. दोन शाळा मिळूनही बँडला पोरं पुरत नव्हती. मग शिट्टी झाली की अर्धा संघ हेल्मेट काढून पॅडसकट बँडमध्ये जाऊन उभा राहायचा. चेंडू फेकणारा पोरगा ढोल वाजवायचा. टकर सेडलाक घामाघूम होऊन ट्यूबा हे पितळेचं अजस्र वाद्य अंगात अडकवायचा. खांद्यांवरच्या पॅडमुळे ते नीट बसायचं नाही आणि प्रत्येक सूर जरा तिरपा निघायचा. टेग्टमायर म्हणायचा की या संघाला टाळी खेळापेक्षा वाजवण्याला जास्त मिळते. आर्डिथबाई म्हणायच्या, वाजवणं ऐकलंत का नीट, टाळी ते थांबल्याची आहे.

ऑक्टोबर सरत आला तरी कलिंगडं एकही सामना जिंकली नव्हती. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, सँडी ब्लफशी. ते पश्चिमेकडचं वाळूच्या टेकड्यांतलं गाव, तिथून बसने यायला अर्धा दिवस लागतो. बस आली, दार उघडलं, आणि आतून पोरं उतरली ती पिवळ्या चेहऱ्यांची. वाटेत पोटाची साथ फिरली होती. दोघे तर बसमधून उतरलेच नाहीत, बादलीसकट आत बसून राहिले. उभे राहू शकतील असे सहाच होते.

पंचांनी नियम सांगितला. समोरचा संघ पुरा नाही, म्हणजे गारपीट न खेळता विजयी. मोसमातला पहिला विजय.

टेग्टमायरने माईकवरून हे जाहीर केलं. मैदानावर दोन-चार टाळ्या वाजल्या आणि थांबल्या. सँडी ब्लफची पोरं हेल्मेट हातात घेऊन उभी होती. एवढ्या लांबून आलेली. दिवे लागले होते, चिली चुलीवर होती, आणि कुणाला घरी जायचं नव्हतं.

कलिंगडं घोळका करून काहीतरी बोलत होती. मग टकर बाहेर आला, कोच सिक्सेलकडे गेला. कोच पंचांकडे गेले. पंचांनी खांदे उडवले आणि शिट्टी परत गळ्यात अडकवली. निकाल कागदावर लागलाच होता. आता जे होईल ते नुसतं खेळायचं म्हणून. टकर आणि लिंडेनाउचा एक पोरगा मैदान ओलांडून सँडी ब्लफकडे गेले. टकरला त्यांचा सगळ्यात मोठा शर्ट दिला. तो त्याच्या पोटाच्या निम्म्यावर येऊन थांबला.

"हे काय चाललंय ते मला कसं सांगायचं कळत नाहीये," टेग्टमायर म्हणाला.

"उसनी दिलीत पोरं," आर्डिथबाई म्हणाल्या. "साखर देतो तशी."

आणि सामना रंगला. दोन्ही बाजूंना हरण्याचं भय नव्हतं, त्यामुळे सगळे मोकळे खेळत होते. टकर आपल्याच मित्रांना अडवत होता आणि ते त्याला नावं ठेवत होते. त्यांच्या सगळ्या खुणा त्याला माहीत होत्या, म्हणून कलिंगडांना ऐन वेळी नव्या खुणा शोधाव्या लागल्या. त्यांत एक अशी निघाली की तिचा अर्थ त्यांच्यातल्याच तिघांना कळला नाही, आणि चेंडू हवेत उडाला.

तो वर गेला, दिव्यांत चमकला, आणि थेट टकरच्या हातांत येऊन पडला.

टकरने त्याच्याकडे पाहिलं. शाळेच्या सगळ्या वर्षांत सामन्यात चेंडू घेऊन तो एक पाऊलही धावला नव्हता. मग त्याने सवयीने चुकीच्या दिशेला दोन पावलं टाकली. सँडी ब्लफच्या पिवळ्या चेहऱ्याच्या एका पोराने त्याला खांद्यांना धरून फिरवलं. आणि टकर निघाला.

तो काही जोरात पळत नव्हता. कोठार जागेवरून सुटलं तर जसं जाईल तसा तो जात होता. मागून सगळी कलिंगडं. एकाने त्याचा पाय धरला आणि थोडं अंतर फरफटत गेला. दुसरा पाठीवर चढला आणि तिथेच राहिला. सेडलाकीणबाई अखेर मैदानाकडे वळून बसल्या होत्या, आणि आता उभ्या होत्या. रेषेपार गेल्यावर मिळणारे गुण कुणाचे, कुणाविरुद्ध, याचा विचार दोन्ही गावांत कुणी करत नव्हतं.

आर्डिथबाईंनी माईक उचलला. तीस, म्हणाल्या. पस्तीस. पुढचा आकडा त्यांच्या तोंडून येईना. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांचं त्यांना समजत नव्हतं. त्यांनी माईक टेग्टमायरपुढे ढकलला.

आणि लिंडेनाउचा वेंडेल टेग्टमायर, जो कधी जेवायला बोलावतानाही आवाज चढवत नसे, उशीवरून उठला आणि ओरडला. "चाळीस! आणखी कोण? आणखी कोण? पळ रे बाळा, पळ!" त्याचा आवाज मधेच फाटला. टकर शेवटच्या रेषेपार पडला, पाठीवरच्या मित्रासकट, आणि टेग्टमायर म्हणाला, "गेला. विकला गेला." ते मात्र त्याच्या नेहमीच्या आवाजात आलं, इतकं हळू आणि इतकं आदराने की काही जणांनी खरंच टोप्या काढल्या.

त्या संध्याकाळी सँडी ब्लफच्या पोरांनी चिलीकडे बघितलंही नाही, पण सुकी बिस्किटं खाल्ली आणि बँड वाजला तेव्हा नाचली. शर्ट तूच ठेवून घे असं टकरला म्हणाली, तसाही तो आता कुणाला होणार नव्हता, फाटला होता.

पुढच्या वर्षी टकर आणि त्याच्या बरोबरीचे शाळा सोडून गेले आणि दोन्ही गावं मिळूनही आठ होईनात. आता कलिंगडं सहा जणांचा खेळ खेळतात. कदाचित आणखी काही वर्षांनी तोही राहणार नाही. आर्डिथबाई हे कुणी विचारलं तर सरळ सांगतात. गावात घरं किती, त्यांत पोरं किती, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. पण शुक्रवारी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते, आणि माईकचं बटण दुरुस्त करायचं शाळेने एकमताने नाकारलं आहे.

टेग्टमायर हल्ली रविवारीही कधीकधी कॉफीला येतो. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पोस्टात एका बाईने आर्डिथबाईंना सरळच विचारलं, दोघं लग्न कधी करताय म्हणून.

"घाई काय आहे," त्या म्हणाल्या. "मेल्यावर त्याच्याकडेच जायचंय."

शनिवारी सकाळी लहान पोरांचा नवा खेळ भरतो. कमरेला दोन रिबिनी लावायच्या, आणि टक्कर न मारता दुसऱ्याची रिबीन ओढायची. ओढली की तो थांबला. मुलीही खेळतात. कोच सिक्सेलनी हे सुरू केलं तेव्हा आर्डिथबाईंनी जोलीनला फोन करून नुसतं कळवलं, ये असं म्हटलं नाही. जोलीन एमेटला घेऊन आली. एमेटची रिबीन पहिल्याच मिनिटाला शिमेना ओरोस्को नावाच्या मुलीने ओढली. तिचे आईवडील मांसाच्या कारखान्यात कामाला म्हणून नुकतेच लिंडेनाउला आले होते. तिने एमेटची ओढली, मग आणखी तिघांची, मग चुकून पंचाच्या खिशातला रुमालही ओढून नेला.

वर खोलीत आर्डिथबाई तिचं नाव नीट यावं म्हणून पुटपुटत होत्या. अर्थातच सगळ्यांना ऐकू येत होतं. खालून शिमेनाच्या आईने हात तोंडाशी धरून त्यांना ते पुन्हा म्हणून दाखवलं. त्यांनी म्हटलं. आई मान हलवून हसली आणि तिने आणखी एकदा म्हणून दाखवलं.

"मी प्रयत्न करू का?" टेग्टमायरने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा," आर्डिथबाई म्हणाल्या. "पोर जिवंत आहे अजून."

आणि मग त्यांना ते नाव जमलं, अगदी बरोबर, आणि शिमेना ओरोस्को सगळ्यांच्या रिबिनी मुठीत धरून सुसाट निघाली असताना त्या खुर्चीतून उठून तीसपासून मोजायला लागल्या.